सहा तासांत निम्मं होणारं औषध

आईच्या बोन स्कॅनच्या दिवशी सोलापुरातल्या सेंटरमध्ये टेक्निशियननं जाड आवरणातली सिरिंज आणली, आत पाण्यासारखं औषध, आणि इंजेक्शन देऊन म्हणाला, आजी आता तीन तास भरपूर पाणी प्या, लघवीला जात राहा आणि आज लहान लेकरांना मांडीवर घेऊ नका. आईचा सगळा जीव नातवात. "आन् उद्या?" तर म्हणाला, उद्या चालतंय.

एका दिवसात असं काय बदलतं? ते औषध म्हणजे टेक्नेशियम-९९एम, किरण सोडत आपोआप बदलत जाणारं किरणोत्सारी मूलद्रव्य. दर ६ तासांनी ते निम्मं होतं, १२ तासांनी पाव आणि २४ तासांनी सोळावा हिस्सा, शिवाय लघवीतून गेलं ते वेगळंच. ते फॉस्फेटसारख्या एका संयुगाला बांधलेलं असतं, हाडात जिथं दुरुस्ती चालू असते तिथं ते जास्त जमतं आणि तिथून निघणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो.

हे मूलद्रव्य पृथ्वीवर जवळपास नाहीच बघा. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं मूलद्रव्यांच्या तक्त्यात ४३ नंबरची जागा रिकामी सोडली होती, ती १९३७ साली इटलीत पालेर्मोला सेग्रे आणि पेरिए या शास्त्रज्ञांनी भरली, तेही अमेरिकेतल्या सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे अणुकणांना वेग देणाऱ्या यंत्रातून, पोस्टानं आलेल्या मॉलिब्डेनम धातूच्या पत्र्यात शोधून. माणसानं बनवलेलं पहिलं मूलद्रव्य, म्हणून नावाचा अर्थच कृत्रिम.

पण सहा तासांत निम्मं होणारी वस्तू इथं आणायची कशी? रात्री मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये ठेवली असं समजा, आठेक तासांनी सोलापूर येईपर्यंत १०० मधलं ४० च उरलं. म्हणून टेक्नेशियम पाठवतच नाहीत, त्याची आई पाठवतात, मॉलिब्डेनम-९९, जे ६६ तासांत निम्मं होतं. शिशाच्या डब्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) भरलेली नळी, तिला मॉलिब्डेनम चिकटलेलं, आतल्या आत त्याचं टेक्नेशियम होत राहतं आणि सकाळी नळीतून सलाईन सोडलं की तेवढंच टेक्नेशियम खाली उतरतं. याला ते लोक चक्क दूध काढणं म्हणतात, म्हणजे आपली सकाळची धारच की. या डब्याला जनरेटर म्हणतात, आणि भारतात असे जनरेटर ब्रिट ही अणुऊर्जा विभागाची संस्था बनवते.

फक्त ही म्हैस रोज आटत जाते, आठवड्याभरात दूध फारच कमी. आईला अमुक वारीच आणा म्हणून सेंटरवाले का अडून बसले होते, ते मला तेव्हा कळलं.