तीन वर्षांचे खत, तीस दिवसांची कैफियत

बेलीफ दारात येतो, समन्सवर सही घेतो, दाव्याची नक्कल हातात देतो आणि जातो. कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने द्यायचे लेखी उत्तर, दाखल करण्याचे तीस दिवस त्याच क्षणापासून मोजले जातात. घरातल्या मंडळींचे लक्ष मात्र समन्सवर लिहिलेल्या कोर्टाच्या तारखेकडे. ती दीड-दोन महिन्यांनंतरची असेल तर वकील गाठायची घाई कोण करतो? ही सवय निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. २००२ च्या मध्यापर्यंत कायदाच तसा होता: पहिल्या सुनावणीला किंवा त्याआधी, नाहीतर न्यायालय देईल त्या वेळात कैफियत द्या. कायदा बदलला, घरोघरची समजूत बदलली नाही.

मुदत हा प्रकार आपल्याकडे साहेबाने आणला असे सर्रास म्हटले जाते. ते पुरते खरे नाही. आपल्या डोळ्यांदेखत दुसरा जमीन कसत असेल आणि मालक गप्प बसला, तर वीस वर्षांनी जमिनीवरचा आणि दहा वर्षांनी इतर मालमत्तेवरचा हक्क जातो, असे याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. कर्जाबाबत मात्र रीत निराळी होती. कर्ज शिळे होत नसे, बापाचे मुलाला फेडावे लागे. लगाम होता तो दामदुप्पटीचा. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त नाही.

१८५९ साली इंग्रज सरकारने दोन कायदे केले. आठव्या क्रमांकाच्या कायद्याने दिवाणी दावा कसा चालवायचा ते ठरवले आणि चौदाव्याने दावा किती दिवसांत लावायचा ते. साध्या खतावरच्या, म्हणजे कर्जाच्या लेखी दस्तावरच्या, वसुलीला तीन वर्षे मिळाली. हेतू वाईट नव्हता. सावकाराने वर्षानुवर्षे व्याज साचवत बसू नये, हा होता.

दख्खनच्या सावकाराने त्यावर सोपी तोड काढली. तीन वर्षे भरत आली की कुळाला, म्हणजे कर्जदाराला, बोलवायचे आणि खत बदलून घ्यायचे. समजा, शंभर रुपये दरमहा शेकडा दोनने दिले. तीन वर्षांनी व्याजासह १७२ होतात. नव्या खतात हे १७२ मुद्दल म्हणून चढतात. पुढच्या बदलाला २९६, त्यापुढच्या बदलाला ५०९. सरळ व्याजाने नऊ वर्षांत होणारी रक्कम ३१६. दामदुप्पटीचाही उपयोग नाही, कारण कालचे व्याज आज मुद्दल झालेले. आणि खतावर अंगठा उठवणाऱ्याला बहुधा वाचता येत नसे.

यातून दावा झालाच तर कूळ कोर्टात फिरकत नसे. गाव लांब, भाषा अनोळखी, वकिलाला पैसे नाहीत. एकतर्फी हुकूमनामा होई आणि जप्ती दारात आल्यावरच त्याचा पत्ता लागे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात लोक सावकारांवर तुटून पडले. त्यांनी मागितल्या त्या वह्या आणि खते, आणि हाती लागली ती जाळली. लोण पुण्या-नगरकडच्या गावांत पसरले. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने या तीन वर्षांच्या मुदतीवरही बोट ठेवले.

१८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातून आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्यावरच्या दाव्याची मुदत वाढली: नोंदणीकृत दस्त असेल तर बारा वर्षे, इतर बाबतींत सहा. खताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब तपासण्याचे काम न्यायाधीशावर टाकले गेले. मला यातली गंमत अशी वाटते की इथे ऋणकोच्या रक्षणासाठी मुदत कमी नव्हे, लांब करावी लागली.

पुढे १९०८ चा आणि त्याजागी १९६३ चा मुदतीचा कायदा आला. करारावरच्या पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीनच वर्षे राहिली. मुदतीच्या आत लेखी सही करून कर्ज कबूल केले तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बँका तीन वर्षे भरण्याआधी शिल्लक रकमेच्या कबुलीवर सही मागतात ती याचसाठी. जुने खत बदलण्याचे हे सभ्य भावंड.

अपिलाला उशीर झाल्यास 'पुरेसे कारण' दाखवून विलंब माफ करून घेता येतो. १९८७ साली काश्मीरमधल्या एका भूसंपादनाच्या प्रकरणात, अवघ्या चार दिवसांच्या उशिरावरून, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रत्येक दिवसाचा खुलासा मागताना शहाणपण सोडू नये. उशीर तिथे सरकारचा होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

कैफियतीचे घड्याळ मात्र उलट दिशेने फिरले. १९९९ च्या दुरुस्तीने तीस दिवसांची भिंत घातली. वकिलांनी जोरदार विरोध केला. २००२ च्या दुरुस्तीने, कारणे नोंदवून, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांपर्यंत वाढ ठेवली. दोन्ही १ जुलै २००२ पासून लागू झाल्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्वदची मर्यादाही अपवादात्मक स्थितीत लवचिक ठरवली. व्यापारी दाव्यांत १२० दिवसांनंतर दार बंदच. ग्राहक आयोगापुढे तीस अधिक पंधरा दिवसांपलीकडे सवलत नाही, असे २०२० मध्ये घटनापीठाने सांगितले. म्हणजे 'किती दिवस?' याचे उत्तर आज कोणत्या दारात उभे आहात यावर ठरते.

करोनाकाळात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुदतीतून वगळला गेला. त्या सुमाराच्या प्रकरणांत आजही ही वजाबाकी करावी लागते.

दुसरी एक वजाबाकी कायमची आहे. निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत. नक्कल अर्ज कधी दिला आणि ती कधी तयार झाली, या तारखा नकलेवरच नोंदलेल्या असतात, बऱ्याचदा शेवटच्या पानावर, पुसटशा शिक्क्यात. झेरॉक्स काढताना नेमके तेच पान 'यात काही नाही' म्हणून बाजूला पडते.