क्लासिफाइड डिस्प्ले आणि डिस्प्ले: चौकट सारखी, पान वेगळं

"रविवारच्या पेपरात एक बॉक्स टाकून द्या." नागपुरातल्या जाहिरात एजन्सीकडे येणारी मागणी बहुतेक वेळा याच शब्दांत येते. पेपर कोणता, आवृत्ती कोणती, रंगीत की काळी-पांढरी, हे सगळं नंतर विचारून घेता येतं. घोळ होतो तो बॉक्सचा. चौकट छोट्या जाहिरातींच्या पानावरच्या क्लासिफाइड डिस्प्लेलाही असते आणि बातम्यांच्या पानावरच्या डिस्प्लेलाही. दोन्हींत लोगो बसतो, फोटो बसतो, मोठ्या अक्षरातला फोन नंबर बसतो. म्हणून दुकानदाराला वाटतं की वस्तू एकच आहे, एजन्सी उगाच दोन दर सांगते. मग तो कमी दरावर बोट ठेवतो आणि सोमवारी सकाळी विचारतो, "आपली जाहिरात आलीच नाही का?" आलेली असते. त्याने ते पान उघडलेलं नसतं, त्याच्या गिऱ्हाइकानेही नाही.

ओळींवर किंवा शब्दांवर पैसे मोजायची साधी छोटी जाहिरात सगळ्यांच्या ओळखीची आहे. 'पाहिजेत', 'विकणे आहे', 'भाड्याने देणे आहे'. मजकूर तुमचा, जुळवणी पेपरची, ठळक अक्षरांचे किंवा चौकटीचे पैसे वरून. तिच्यात कोणी फसत नाही.

क्लासिफाइड डिस्प्ले ही त्याच छोट्या जाहिरातींच्या पानावर, त्याच शीर्षकांखाली बसणारी सजवलेली जाहिरात. डिस्प्ले बसते बातम्यांच्या पानावर. दिसण्यातला फरक शोधत बसू नका, तो नाहीच. जाहिरात कोणत्या पानावर बसणार यावरून तिची जात ठरते, आणि दर, माप, वाचक, तक्रारीचा हक्क हे सगळं त्या पानामागून येतं.

यातला वाचक सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याचाच विचार सगळ्यात कमी होतो. छोट्या जाहिरातींचं पान उघडणारा माणूस काहीतरी शोधत असतो. त्याला नोकरी हवी असते, प्लॉट बघायचा असतो, जुनी गाडी घ्यायची असते. तो आपल्या शीर्षकापाशी जातो, तेवढं बारकाईने वाचतो, पेनाने खूण करतो आणि बाकीच्या पानाकडे ढुंकूनही बघत नाही. बातमी वाचणारा मात्र काहीच शोधत नसतो. महापालिकेची बातमी वाचता वाचता त्याची नजर तुमच्या जाहिरातीवर पडली तर पडली. म्हणून जाहिरात देण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझं गिऱ्हाईक आज सकाळी ही वस्तू शोधायला पेपर उघडणार आहे का?

हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्याला चार फिटर आणि दोन वेल्डर हवेत. उत्तर हो. नोकरीच्या शीर्षकाखाली क्लासिफाइड डिस्प्ले द्या आणि पदाचं नाव सगळ्यात मोठं ठेवा. कंपनीचा लोगो नव्हे. फिटर 'फिटर' हा शब्द शोधतो. बेशाचा किंवा उमरेड रोडचा प्लॉट असेल तरी उत्तर हो. गिऱ्हाईक 'आरएल' (रिलीज लेटर) आणि 'एनए' (बिनशेती) ही अक्षरं शोधतच त्या पानावर येतं. गांधीबागेतल्या दुकानाचा साड्यांचा सेल असेल तर उत्तर नाही. सेल आहे हेच गिऱ्हाइकाला माहीत नसतं, तर शोधेल कसं? धंतोलीत नवा डॉक्टर बसायला लागला, सीताबर्डीवरचं दुकान धरमपेठेत हललं, इथेही नाही. या जाहिराती डिस्प्लेच्या. पैसे कमी असतील तर आकार लहान करा, दिवस कमी करा, रंग काढा, पण छोट्या जाहिरातींच्या पानावर टाकून 'निदान आली तरी' असं समाधान करून घेऊ नका. सेलच्या चार क्लासिफाइड डिस्प्लेपेक्षा शहराच्या पानावरची एक काळी-पांढरी डिस्प्ले बरी. या मतावर आम्ही ठाम आहोत.

उलटा घोळही होतो. आठ माणसांच्या भरतीसाठी बातम्यांच्या पानावर रंगीत डिस्प्ले द्यायची. ऐट दिसते, पण अर्ज त्या प्रमाणात येत नाहीत.

जागेच्या बाबतीत क्लासिफाइड डिस्प्लेमध्ये तुम्ही शीर्षक आणि तारीख ठरवता. शीर्षकाखाली वर, खाली की कोपऱ्यात, ते पान लावणारा ठरवतो. डिस्प्लेमध्ये पान मागता येतं, पण मागणं आणि मिळणं यात अंतर आहे. ठरावीक पानाचा जादा दर भरला नसेल तर जाहिरात पेपरच्या सोयीने कुठेही लागते. डिस्प्ले घेतली म्हणजे तिसरं पान मिळालंच, हा समज आधी काढून टाका. आणि 'पहिल्या पानावर लहानशीच टाका, कितीक लागतील' हा प्रश्न तर कृपया नकोच. पहिल्या पानाचा दर वेगळा असतो आणि लहानशी म्हणजे किती, हेही पेपरच ठरवतो.

मापात लोक कसे अडकतात तेही बघा. मोठ्या आकाराच्या पेपरचं छापील क्षेत्र साधारण ३३ सेंमी रुंद असतं आणि बातम्यांच्या पानावर सहसा ८ कॉलम. म्हणजे एक कॉलम जवळपास ४ सेंमी, दोन कॉलम ८ सेंमी. आकार लिहिताना रुंदी आधी, उंची नंतर. ८ × १० म्हणजे ८ रुंद, १० उंच. उलटं लिहून पाठवलं तर आर्टवर्क, म्हणजे छपाईसाठी तयार केलेलं डिझाइन, उभं आणि बुक केलेली जागा आडवी, आणि हे कळतं रात्री, पान लागायच्या वेळी.

छोट्या जाहिरातींच्या पानाची कॉलमांची विभागणी वेगळी असते, कॉलम बहुधा अरुंद असतो आणि रुंदी ठरलेल्या कॉलमांतच घ्यावी लागते. डिस्प्लेसाठी केलेलं ८ × १० चं आर्टवर्क तिथे तसंच पाठवलं की ते दाबून बसवलं जातं. समजा तिथे दोन कॉलम ६ सेंमीचे आहेत. मग ८ चं ६ झालं, १० चं साडेसात. ८० चौरस सेंमीची जाहिरात ४५ वर आली आणि ८ पॉइंट आकाराच्या अक्षरातला पत्ता ६ पॉइंटचा झाला. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, त्यामुळे ६ पॉइंटमधल्या वेलांट्या आणि अनुस्वार बुजतात. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं असतील तर विचारूच नका. जात बदलली की आर्टवर्क नव्याने करायचं, आहे तेच खेचायचं नाही. फाइल पीडीएफ द्या, श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृतीत, बदलून द्या, बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांतून काढलेलं काळं अक्षर छपाई जराशी सरकली की दुहेरी दिसतं. आणि व्हॉट्सअपवर आलेला स्क्रीनशॉट म्हणजे आर्टवर्क नव्हे.

बांधकाम प्रकल्पाच्या जाहिरातीत आणखी एक अडचण आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, नोंदणी क्रमांक आणि वेबसाइटसोबत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. क्लासिफाइड डिस्प्ले आहे म्हणून सूट नाही. एका अरुंद कॉलमात मोबाइलने वाचता येईल असा क्यूआर टाकला की भाव आणि नकाशाला जागाच उरत नाही. तिथे दोन कॉलम घ्या किंवा नकाशा काढा. क्यूआर बारीक करणं हा मार्ग नाही.

दर विचारताना एकक विचारा. काही जण चौरस सेंमीचा दर सांगतात, काही अजूनही कॉलम-सेंमीचा, म्हणजे एक कॉलम रुंद आणि एक सेंमी उंच जागेचा. समजा एकाने २०० रुपये चौरस सेंमी सांगितला आणि दुसऱ्याने ६०० रुपये कॉलम-सेंमी. ऐकायला दुसरा तिप्पट. पण ८ × १० च्या जागेचे पहिल्याचे झाले ८० × २०० म्हणजे १६,००० आणि दुसऱ्याचे २ कॉलम × १० सेंमी × ६०० म्हणजे १२,०००. महाग वाटलेला स्वस्त निघाला. 'दोनवर एक मोफत'सारख्या योजनाही त्या त्या प्रकाराला बांधलेल्या असतात. क्लासिफाइडची योजना डिस्प्लेला लावून हिशेब मांडू नका.

बाकी किरकोळ. मुख्य अंक आणि शहराची पुरवणी यांचे दर वेगळे, नागपूर शहर आणि सगळा विदर्भ यांचेही वेगळे. इतवारीतल्या घाऊक व्यापाऱ्यांना गाठायचं तर नवभारत, लोकमत समाचार यांसारखे हिंदी पेपर सोडून चालत नाही. जाहीर नोटिशीचा दर स्वतंत्र विचारायचा, तो यांपैकी कशातही गृहीत धरायचा नाही.

एजन्सीच्या कमाईबद्दलही गैरसमज आहे. इंडियन न्यूजपेपर सोसायटीची मान्यता असलेल्या एजन्सीला रूढ १५ टक्के कमिशन पेपरकडून मिळतं. त्यामुळे जागेच्या बिलावर वेगळा 'बुकिंग चार्ज' दिसला तर कारण विचारा. डिझाइनचे पैसे मागितले तर ते रास्त आहे. छापील जागेवर जीएसटी ५ टक्के, डिझाइनसारख्या सेवेवर १८ टक्के. दोन्ही एका रकमेत मिसळून सरसकट १८ टक्के लावलेलं बिल परत पाठवा.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे एजन्सी पेपरला पाठवते ती रिलीज ऑर्डर, बोलीभाषेत आरओ. तिची प्रत मागून घ्या. पेपर, आवृत्ती, तारीख, रुंदी × उंची, रंग, दर आणि प्रकार, इतकं तिच्यावर हवंच. प्रकारापुढे 'क्लासिफाइड डिस्प्ले' असेल तर शीर्षकही लिहिलेलं हवं. 'डिस्प्ले' असेल तर पान ठरवून पैसे भरलेत की पेपरच्या सोयीने, ते हवं. दुरुस्त जाहिरात फुकट मिळते ती आरओ किंवा आर्टवर्कप्रमाणे छापलं नसेल तरच. तुम्ही पाहून 'ओके' लिहिलेल्या प्रुफातला चुकलेला फोन नंबर तुमचाच. छापून आल्यावर त्या दिवसाचा अंक ठेवा, जाहिरात चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून पट्टीने मोजा आणि बिलावरच्या चौरस सेंमीशी ताडा. अर्धा-पाव सेंमीवरून भांडू नका. जास्त फरक असेल तर त्याच दिवशी, अंकाचा फोटो जोडून, लेखी कळवा.