गोव्यात पहिलं क्रेडिट कार्ड काढताना: सिबिल अहवाल, कागदपत्रं आणि चुकीच्या नोंदीची दुरुस्ती

मुदत ठेवीत पाच लाख रुपये आहेत, डोक्यावर एका पैशाचं कर्ज नाही, आणि तरीही क्रेडिट कार्डाचा अर्ज नामंजूर. गोव्यात हे सर्रास घडतं. इथल्या बँकांत ठेवी भरपूर आणि कर्जं त्या मानानं कमी; पैसा राखून ठेवायची सवय घराघरांत आहे. पण क्रेडिट अहवालात ठेव दिसतच नाही. तिथं फक्त घेतलेलं कर्ज, वापरलेलं कार्ड आणि त्यांची परतफेड एवढंच नोंदलं जातं. आयुष्यात कधी उधारी केलीच नसेल, तर तुमच्या नावापुढे गुणांक (परतफेडीच्या नोंदींवरून दिलेला आकडा) येत नाही, 'इतिहास नाही' असा शेरा येतो. गावच्या पतसंस्थेचं कर्ज वेळेवर फेडलं असेल, तरी ती नोंद सहसा इथपर्यंत पोचत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी अहवाल काढा, त्यातल्या चुका दुरुस्त करा, मग अर्ज भरा. बहुतेक लोक उलट करतात. एका बँकेनं नाही म्हटलं की त्याच आठवड्यात दुसरीकडे, मग तिसरीकडे अर्ज टाकतात. प्रत्येक अर्जागणिक बँक तुमचा अहवाल मागवते, त्याची 'चौकशी' म्हणून नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अशा चार-पाच चौकश्या दिसल्या की पुढची बँक आणखी सावध होते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं मात्र गुणांक कमी होत नाही. अर्ज नामंजूर झाला तर त्याचं मुख्य कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. ते मागून घ्या, त्यावरून नेमकं काय दुरुस्त करायचं ते समजतं.

अहवाल कुठून काढायचा

देशात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. बोलण्यात आपण सगळ्यालाच 'सिबिल' म्हणतो, पण चौघींकडचे अहवाल वेगळे असू शकतात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. संकेतस्थळावर पैसे भरून घ्यायची योजना ठळक दाखवलेली असते. तिच्या मागे न लागता 'मोफत वार्षिक अहवाल' असा दुवा शोधा. पॅन क्रमांक, जन्मतारीख आणि मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो. गुणांक ३०० ते ९०० मध्ये असतो आणि साधारण ७५० च्या वर असेल तर बँका समाधानी असतात.

गुणांक बघून अहवाल मिटू नका. खरी माहिती आतल्या पानांवर आहे. प्रत्येक खात्याखाली महिनावार चौकटी असतात. '०००' म्हणजे त्या महिन्यात काहीच थकलं नव्हतं. '०३२' म्हणजे हप्ता ३२ दिवस थकला होता. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे बँकेनं त्या महिन्याची माहितीच पाठवली नाही. मग खात्याची स्थिती पाहा. 'क्लोज्ड' चांगलं. 'सेटल्ड' म्हणजे तडजोड करून कमी रकमेत मिटवलं, आणि 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेनं ते बुडीत धरलं. हे दोन शेरे वर्षानुवर्षं मागे लागतात.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत हा प्रश्न अजून ताजा आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकांची आणि बार्जची कर्जं थकली, आणि त्यातली कित्येक तडजोडीनं मिटवली गेली. कर्जदाराच्या दृष्टीनं विषय तिथं संपला, पण अहवालात 'सेटल्ड' राहिलं. कर्जदाराच्याच नव्हे, जामीन राहिलेल्या भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या अहवालातही ते खातं दिसतं. यावर उपाय म्हणजे त्याच बँकेला पत्र देऊन सोडलेली रक्कम किती होती ते लेखी विचारायचं, जमत असेल तर ती भरायची, 'नो ड्यूज' म्हणजे काही बाकी नाही असा दाखला घ्यायचा आणि स्थिती 'क्लोज्ड' करून मागायची. रक्कम भरायच्या आधी बँक स्थिती बदलून देणार हे लेखी घ्या.

आणखी एक गैरसमज. गोव्याच्या नागरी कायद्यानं नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, म्हणून अहवालही सामाईक असेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. अहवाल ज्याचा त्याचा असतो. नवऱ्याचं कर्ज बायकोच्या अहवालात फक्त ती सहकर्जदार किंवा जामीन असेल तरच येतं.

नावाचं स्पेलिंग

गोव्यातल्या अर्जांचं सगळ्यात जास्त अडतं ते इथं. 'गावकर' हे एकच आडनाव इंग्रजीत कुणी 'ए-ओ' लिहितं, कुणी 'ए-यू', कुणी 'ए-डब्ल्यू'. आणि जुन्या पोर्तुगीज वळणाच्या जन्मदाखल्यात 'के'च्या जागी 'सी' असतो. 'नाईक'ही कुठे 'के'नं संपतो, कुठे 'क्यू-यू-ई'नं. दहावीच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं. आईचं किंवा वडिलांचं नाव मधे घातलेलं एका ठिकाणी असतं, दुसऱ्या ठिकाणी नसतं. परिणाम दोन. एक तर आधार-पॅन जुळत नाही म्हणून ऑनलाइन अर्ज पहिल्याच टप्प्यात अडतो. दुसरा जास्त त्रासाचा: सारखं नाव आणि सारखी जन्मतारीख असलेल्या भलत्याच माणसाचं थकलेलं कर्ज तुमच्या अहवालात येऊन बसतं.

तेव्हा अर्जाआधी आधार आणि पॅन शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर ज्या दाखल्यात चूक आहे तो दुरुस्त करा. आधारला लावलेला मोबाईल क्रमांक चालू आहे ना, हेही बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर जुन्या नावाच्या ओळखपत्राला विवाह नोंदणीचा दाखला जोडला की चालतं. इतर कारणानं रीतसर नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते.

पात्रता आणि कागद

वय किमान १८, पुष्कळ बँकांत २१. पॅन हवंच, शिवाय सहसा आधारही मागतात. नोकरदारांसाठी शेवटच्या दोन-तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचं सहा महिन्यांचं विवरण. दुकान, गेस्ट हाऊस, टॅक्सी असा स्वतःचा धंदा असेल तर शेवटच्या दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं.

पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र चालतं. त्यावरचा पत्ता जुना असेल तर दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती तात्पुरती घेतात, पण तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं ओळखपत्र द्यावं लागतं. अडचण अशी की वडिलोपार्जित घराचा मीटर अजून आजोबांच्या नावावर असतो, आणि ते बिल तुमच्या पत्त्याचा पुरावा होत नाही. सोपा मार्ग म्हणजे आधारवरचाच पत्ता अद्ययावत करणं. पत्ता देताना घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका आणि पिनकोड प्रत्येक ठिकाणी एकाच पद्धतीनं लिहा. एका कागदावर नुसतं 'खालचा वाडा' आणि दुसऱ्यावर नुसता घर क्रमांक असेल तर पडताळणीला आलेला माणूस परत जातो आणि अर्ज पडून राहतो.

हॉटेलात ऑक्टोबर ते मे अशी हंगामी नोकरी करणाऱ्यांनी अर्ज हंगामाच्या मध्यावर, डिसेंबर-जानेवारीत करावा. तेव्हा लागोपाठ तीन पगार खात्यात दिसतात. जुलैत त्याच माणसाचं विवरण रिकामं दिसतं.

इतिहास नसेल तर ठेवीवरचं कार्ड

ज्यांना गुणांकच नाही त्यांनी सरळ मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड घ्यावं, असंच आम्ही सांगू. पगारपावती लागत नाही. बँकेनुसार किमान ठेव साधारण दहा ते पंचवीस हजारांची लागते आणि मर्यादा ठेवीच्या ७५ ते १०० टक्के मिळते. ठेवीवर व्याज चालूच राहतं, फक्त ती अडकलेली असते. कार्ड बंद केल्याशिवाय मोडता येत नाही. ठेव शक्यतो एकट्याच्या नावावर असावी, नवरा-बायकोच्या संयुक्त ठेवीवर बऱ्याच बँका कार्ड देत नाहीत. आणि मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण होईल अशी सूचना देऊन ठेवा.

घेताना एवढं विचारा: या कार्डाची माहिती क्रेडिट कंपन्यांना जाते ना? ती जात नसेल तर इतिहास तयारच होत नाही.

वापर: पहिलं वर्ष

समजा मर्यादा २०,००० आहे. बिल सहा हजारांच्या आसपास राहू द्या, म्हणजे तीस टक्क्यांत. एखाद्या महिन्यात जास्त खर्च झालाच तर बिल निघायची वाट न बघता आधीच भरून टाका. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते. त्या दिवशी जी बाकी असेल तीच अहवालात उमटते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, तेव्हा म्हापशाच्या बाजारातली दोन-तीनशे रुपयांची खरेदीही त्यावर होते. क्यूआर मात्र व्यापाऱ्याचा असायला हवा, व्यक्तीच्या खात्यावर पैसे जात नाहीत.

'किमान रक्कम' हा शब्द नीट समजून घ्या. चवथीला ४०,००० ची खरेदी झाली आणि बिलावर किमान २,००० भरा असं छापून आलं. तेवढेच भरले तर उरलेल्या ३८,००० वर महिना साडेतीन टक्के दरानं १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी २३९ रुपये, मिळून १,५६९. पुढच्या महिन्यात परत २,००० भरले तर मुद्दल जेमतेम ४३१ रुपयांनी कमी होतं. हा हिशेबही सौम्य धरलेला आहे, कारण व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं आणि बाकी असेतोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किमान भरल्यानं दंड टळतो, 'थकलं' असा शेराही टळतो, पण कर्ज फिटत नाही. चवथ नेमकी पावसाळ्याअखेर, हंगामी नोकरदारांच्या हातात पैसा नसताना येते, म्हणून हे विशेषकरून लिहिलं. आणि एटीएममधून या कार्डानं रोख काढू नका. शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

शेवटची तारीख हुकली तर तीन दिवसांची सवड असते. बाकी तीन दिवसांपेक्षा जास्त थकली तरच दंड आणि क्रेडिट कंपनीकडे नोंद. मात्र मग दिवस मूळ तारखेपासूनच मोजतात. जहाजावर जाणाऱ्यांनी निघण्याआधी पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावून ठेवावं. अर्जात 'किमान' आणि 'पूर्ण' असे दोन पर्याय असतात, 'पूर्ण'वर खूण करा. समुद्रात भारतीय नंबरवर ओटीपी येत नाही, आणि सहा महिन्यांनी परतल्यावर दोनशे रुपयांच्या वार्षिक शुल्कावरून अहवाल खराब झालेला सापडतो.

चुकीची नोंद दुरुस्त करणं

अहवालावरचा कंट्रोल नंबर टिपून घ्या. ज्या कंपनीच्या अहवालात चूक आहे तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची असते: कुठलं खातं, कुठली ओळ, काय चूक. खातं तुमचं नाहीच, रक्कम चुकली, एकच खातं दोनदा आलं, असे प्रकार वेगळे निवडावे लागतात. त्याच दिवशी संबंधित बँकेलाही ईमेल करा आणि पैसे भरल्याची पावती, 'नो ड्यूज' दाखला, पॅनची प्रत जोडा. क्रेडिट कंपनी स्वतःच्या अधिकारात काही बदलत नाही, ती बँकेला विचारते. म्हणून एकाच ठिकाणी तक्रार केली की बँकेकडे कागद नसतात आणि 'नोंद बरोबर आहे' असं उत्तर येतं.

मुदत ३० दिवसांची. त्यात बँकेनं २१ दिवसांत माहिती कळवायची असते. ३० दिवस उलटूनही निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, भरपाई त्यावरून मोजतात.

तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सीएमएस या तक्रार-पोर्टलवर तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट कंपन्याही या योजनेत आहेत. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस गेलेले असावेत, किंवा त्यांचं उत्तर पटलेलं नसावं. नाहीतर तक्रार तिथल्या तिथे परत येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक.

कार्ड बंद करायचं असेल तर सगळी बाकी भरून लेखी विनंती द्या. बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड भरावा लागतो आणि तो तुम्हाला मिळतो. बंद झाल्याचं पत्र घ्या आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचा मोफत अहवाल काढून त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' लागलंय का ते पाहा.