डोंगरातला जंगली करंट आणि त्याला उपटायची मोहीम

आपल्याकडे करंट म्हटलं की ब्लॅक करंट आइस्क्रीम आठवतं, पण हे कुळ थंड प्रदेशातलं, सह्याद्रीत नाहीच, हिमालयात मात्र याचे भाऊबंद आहेत. मी सांगतोय ते अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातल्या वॅक्स करंट या झुडपाबद्दल, शास्त्रीय नाव रायबीस सेरियम. लॅटिनमध्ये सेरा म्हणजे मेण, पानं मेणकट असतात म्हणून हे नाव. डेव्हिड डग्लस या स्कॉटिश माणसाने १८३० मध्ये ते दिलं, पण तिथले मूळ रहिवासी ही लाल फळं त्याच्या कितीतरी आधीपासून खात आलेत.

आता खरी गोष्ट. अमेरिकेतला व्हाइट पाइन हा सूचिपर्णी वृक्ष १८व्या शतकात युरोपात नेऊन लावला, तिथे त्याला तांबेरा हा बुरशीचा रोग लागला, आणि पुढे युरोपातल्या नर्सऱ्यांमधली स्वस्त रोपं परत अमेरिकेत आणली तेव्हा रोगही सोबत आला. पश्चिमेकडे तो १९१० मध्ये फ्रान्सहून कॅनडातल्या व्हँकुव्हरला आलेल्या रोपांतून शिरला आणि सापडला थेट १९२१ मध्ये! म्हणजे अकरा वर्षं कुणाला पत्ताच नाही.

या बुरशीचं चक्र असं की ती पाइनवरून पाइनवर जात नाही, मध्ये मुख्यतः करंट किंवा गूजबेरी (करंटच्याच कुळातलं झुडूप, आपला आवळा नव्हे) लागते. पाइनवरचे बीजाणू शेकडो किलोमीटर उडतात, पण करंटवरून पाइनकडे जाणारे नाजूक असतात, काहीशे मीटरमध्येच मरतात. म्हणून ठरलं की पाइनच्या आसपासचे करंट काढून टाकायचे. मंदीच्या काळात, १९३३ नंतर, सरकारी कॅम्पमधल्या बेकार पोरांना हे काम दिलं, त्यांनी योसेमिटी, ग्लेशियरसारख्या राष्ट्रीय उद्यानांत डोंगर चढून हाताने झुडपं उपटली, नंतर औषधंही फवारली. पण मूळ थोडं राहिलं तरी फुटतं आणि बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे साफ केलेल्या जागी करंट पुन्हा हजर. १९६० च्या दशकात शेवटी मोहीम गुंडाळली, १९६६ मध्ये करंट-गूजबेरीच्या लागवडीवर असलेली केंद्राची बंदीही उठली, काही राज्यांनी मात्र पुढेही चालू ठेवली.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण रोग आणला माणसांनी आणि उपटलं गेलं ते त्याच डोंगरातलं झुडूप, ज्याच्या फळांवर पक्षी आणि अस्वलं जगतात. आणि पाइन तरी वाचला का, तर नाही, उंचावरचा व्हाइटबार्क पाइन २०२२ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला, मोठं कारण हाच तांबेरा. आता तिथे रोगाला तोंड देणारी पाइनची झाडं शोधून त्यांच्या बियांपासून रोपं लावतायत, करंटला हात न लावता.