कृतिसंशोधन आणि प्रायोगिक संशोधन: पूर्वचाचणी दोन्हीकडे, मग फरक कुठे?

फेब्रुवारी संपत आला की ठाणे स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत बी.एड.वाल्यांची झुंबड असते. कोणाचं स्पायरल बाइंडिंग बाकी, कोणाची परिशिष्टं घरीच राहिलेली, कोणी उभ्या उभ्या पानांना नंबर टाकतंय. यातली कुठलीही कृतिसंशोधनाची, म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गातली अडचण स्वतःच शोधून सोडवण्याच्या अभ्यासाची, फाईल उघडा, कव्हरवर ‘कृतिसंशोधन’ असतं आणि आत शून्य परिकल्पना (उपक्रमाने काही फरक पडत नाही, असं आधी धरून चालणं), पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, मध्यमान, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते), टी मूल्य आणि सार्थकता स्तर 0.05 (फरक निव्वळ नशिबाचा नाही ना, ते तपासणारे आकडे), म्हणजे सगळा थाट प्रायोगिक संशोधनाचा. एम.एड.ला नेमकं उलटं, शीर्षकात ‘परिणामकारकतेचा अभ्यास’ असतो, दोन गट घेतलेले असतात, आणि शेवटी निष्कर्षात माझ्या वर्गातल्या मुलांना फार मजा आली, त्यांच्यात आवड निर्माण झाली वगैरे. दोन्हीकडे मुलं, दोन्हीकडे एखादा उपक्रम, दोन्हीकडे आधी-नंतर परीक्षा, त्यामुळे गोंधळ होणारच. पण ही दोन कामं मुळात वेगळ्या माणसांसाठी केलेली असतात आणि ते एकदा कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

कृतिसंशोधनात प्रश्न माझा असतो, वर्ग माझा असतो आणि उत्तरही मलाच हवं असतं, तेही याच वर्षी, ही मुलं पुढच्या वर्गात जायच्या आत. कुर्ट लेविन नावाच्या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने 1946 मध्ये ही कल्पना मांडली ती शाळेसाठी नव्हतीच, अमेरिकेतल्या वेगवेगळ्या समाजगटांमधले ताण कमी कसे करायचे यासाठी होती. ठरवा, करा, काय झालं ते बघा, त्यावरून पुन्हा ठरवा, असा तो फेरा. ती शाळेत रुजवली ती स्टीफन कोरी यांनी, 1953 च्या सुमारास, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून. त्यांचं म्हणणं साधं होतं, की शिक्षक दुसऱ्याचं संशोधन वाचून फारसा बदलत नाही, स्वतःच्या वर्गात स्वतः शोधलं तर बदलतो.

प्रायोगिक संशोधनात मात्र उत्तर हवं असतं ते तिसऱ्याच कोणाला तरी. कळव्यातल्या चार शाळांत हे चाललं, तर उद्या डोंबिवलीत, जालन्यात, कुठेही चालेल का, सरकारने यावर पैसे खर्च करावेत का, हा तो प्रश्न. आणि तिऱ्हाइताला पटवायचं तर ‘मुलं सुधारली’ एवढं सांगून भागत नाही, ‘हे केलं नसतं तर सुधारली नसती’ हेही दाखवावं लागतं. खरी मेख इथे आहे. त्यासाठी दुसरा गट लागतो, ज्याला तो उपक्रम मिळालेला नाही आणि जो बाकी सगळ्या बाबतीत सारखा आहे. सारखा करायचा कसा, तर चिठ्ठ्या टाकून. शेतातल्या तुकड्यांना कुठलं खत द्यायचं हे यादृच्छिक पद्धतीने ठरवायचा आग्रह संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात धरला, तिथून ही रीत औषधात गेली आणि मग शाळेत आली.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे, मुंबई महापालिकेच्या शाळांमधलं, आणि त्याचं मला दरवर्षी आश्चर्य वाटतं की बी.एड.च्या वर्गात ते फारसं कोणाला माहीत नसतं. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचा बालसखी कार्यक्रम. वस्तीतलीच एखादी तरुण मुलगी, महिन्याला 500 ते 750 रुपये मानधन, सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, आणि वर्गात मागे पडलेली 15-20 मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची, बेसिक वाचन आणि गणित. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांमध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला. रचना बघा किती हुशारीची, अर्ध्या शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, उरलेल्या अर्ध्यांत दुसऱ्या इयत्तेला. म्हणजे कुठलीच शाळा पूर्ण रिकाम्या हाती नाही, हेडमास्तर नाराज नाहीत, आणि या शाळेतली तिसरी त्या शाळेतल्या तिसरीशी ताडून बघता येते. दुसऱ्या वर्षी गुणांत 0.28 प्रमाण विचलनाएवढी वाढ दिसली आणि ती मुख्यतः सगळ्यात मागच्या मुलांची होती. ती मुलं दोन तास बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला होता, पण वर्गात उरलेल्या मुलांना त्याचा काही खास फायदा झाला नाही, हेही कळलं. आणि कार्यक्रम सुटल्यावर वर्षभराने मोजलं तर वाढ बरीच ओसरली होती, साधारण 0.1 वर आली होती. हे सगळं 2007 मध्ये छापून आलं, पुढे 2019 चं नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं ते याच जातीच्या कामासाठी.

आता हे आकडे बघा आणि स्वतःला विचारा, या आकड्यांवरून एखाद्या बालसखीला उद्या सकाळी वर्गात काय करायचं ते कळेल का? अजिबात नाही. कार्यक्रम चालू ठेवावा की बंद करावा हे प्रशासनाला कळेल. कुठल्या मुलाला कुठे अडतंय हे नाही कळणार.

ते कशात कळतं हे दाखवायला आमच्या एका विद्यार्थिनीची फाईल सांगते. घणसोलीच्या एका शाळेत चौथीचा वर्ग, घरी हिंदी, कन्नड, तेलुगू बोलणारी बरीच मुलं, माध्यम मराठी. शीर्षक नेहमीचंच, ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या जोडाक्षर लेखनातील चुकांचा शोध व उपाययोजना’. फाईलमध्ये लिहिलेलं होतं, ‘शब्दकार्डे व खेळांच्या साहाय्याने सराव घेतला’, खाली दहा मुलांचा तक्ता, 20 पैकी सरासरी 7 वरून 14, टी मूल्य सार्थ, शून्य परिकल्पनेचा त्याग. वाचून झोप येईल असं. मग सहज तिची रोजची वही मागितली, जी ती फाईलला लावणारच नव्हती कारण अक्षर खराब आहे म्हणे. त्या वहीत खरा माल होता.

मुलांना ‘सूर्य’ वाचता येत होतं, म्हणताही येत होतं, लिहिताना मात्र रफार ‘सू’च्या डोक्यावर. दुसऱ्या आठवड्यात तिने मुलांच्या शेजारी बसून नुसतं लिहिताना बघितलं, तेव्हा कळलं की मूल ‘सू’ लिहितं, मग कानाला ‘र’ ऐकू येतो, आणि त्या क्षणी कागदावर जे अक्षर आहे त्याच्याच डोक्यावर रफार देऊन मोकळं होतं, कारण ‘य’ अजून लिहिलेलाच नसतो! म्हणजे मुलाचं उच्चाराचं ज्ञान बरोबर होतं, आपली लिपीच इथे ऐकू येण्याच्या क्रमाने चालत नाही. मग तिने कार्ड-बिर्ड बाजूला ठेवली आणि ‘आधी पुढचं अक्षर, मग डोक्यावर’ असं म्हणत म्हणत लिहायला लावलं. रफार सुटला, पण मुलं ‘राष्ट्र’ आणि ‘ट्रक’मध्ये अडायला लागली, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा वेगळा सराव. आणि दहातल्या एकाचा प्रश्न ‘र’चा नव्हताच, शेवटच्या बाकावरून त्याला फळाच दिसत नव्हता, त्याला पुढे बसवलं आणि घरी निरोप दिला.

हे कृतिसंशोधन. फाईलमध्ये यातलं अक्षरसुद्धा नव्हतं. का नाही विचारलं तर म्हणाली, “मॅडम, मधेच उपाय बदलला असं लिहिलं तर संशोधन चुकीचं होईल ना?” ही पोरगी चुकीची नाही, तिला कोणीतरी प्रायोगिक संशोधनाचा नियम कृतिसंशोधनाला लावायला शिकवलंय. प्रयोगात उपक्रम मधेच बदलला तर संपलंच, मग तुम्ही मोजलं काय ते सांगताच येणार नाही, आणि बालसखी प्रयोगात कोणी असं केलं असतं तर तो 0.28 आकडा कशाचा हेच कळलं नसतं. कृतिसंशोधनात मात्र चालत नाहीये हे दिसूनही तुम्ही ठरलेले तीन आठवडे तेच रेटलं तर तो हलगर्जीपणा आहे, मुलांचं वर्ष आहे ते.

आता टी-टेस्टबद्दल, कारण सगळ्यात जास्त भांडण त्यावर होतं. ‘दहा मुलांवर टी-टेस्ट चालत नाही’ असं व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक ठासून सांगतात, तेही बरोबर नाही. टी-टेस्ट जन्माला आली तीच लहान न्यादर्शासाठी, म्हणजे मोजक्याच आकड्यांसाठी, 1908 मध्ये, डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ती ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापली. दहा आकड्यांवर ती गणिती दृष्ट्या चालते. अडचण वेगळीच आहे, तुलना कोणाशी केली? एकाच गटाची आधी-नंतर परीक्षा घेतली तर टी मूल्य एवढंच सांगतं की गुण वाढले, ते नशिबाने वाढल्यासारखे वाटत नाहीत. कशामुळे वाढले ते नाही सांगत. तीन आठवड्यांत वर्गशिक्षिकेनेही तेच शिकवलं असेल, मुलं तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा सोडवत असतील. कॅम्पबेल आणि स्टॅन्ली या अमेरिकन संशोधकांनी 1963 मध्ये अशा कारणांची यादीच करून ठेवली आणि एका गटाच्या या रचनेला पूर्व-प्रायोगिक म्हटलं, म्हणजे पुरता प्रयोगसुद्धा नाही.

त्यातलं एक कारण तर आपल्या फायलींत हमखास असतं. आपण दहा मुलं निवडतो कशी, तर पूर्वचाचणीत सगळ्यात कमी गुण मिळालेली. त्यात काही खरंच कच्ची असतात आणि काहींचा तो दिवस वाईट असतो, ताप, रात्रीचं जागरण, काहीही. पुन्हा परीक्षा घेतली की त्यांचे गुण काही न करताही थोडे वर येतात. ताप सगळ्यात चढलेला असतो तेव्हाच माणूस डॉक्टरकडे धावतो आणि दुसऱ्या दिवशी उतरला की श्रेय गोळीला देतो, तसंच. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1886 मध्ये आई-बाप आणि मुलांच्या उंचीवरून हे सरासरीकडे परतणं दाखवलं होतं, आपल्याकडे अजून ते ‘उपक्रमाचं यश’ म्हणून बाइंड होतं.

मग लोक म्हणतात, बरं, कृतिसंशोधनातही नियंत्रित गट, म्हणजे उपक्रम न मिळालेला तुलनेचा गट, घेऊ, म्हणजे ते ‘शास्त्रीय’ होईल. या शब्दाचा फार धाक आहे आपल्याला. अहो, विज्ञानातही सगळीकडे प्रयोग नसतो. खारघरला ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, कॅन्सरच्या उपचारांच्या चाचण्या होतात तिथे गट पाडतात, कारण उपाय देता येतो आणि थांबवताही येतो. तिथून थोडं पुढे नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, ते लोक पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतात, आता दुसरी पृथ्वी नियंत्रित गट म्हणून कुठून आणणार? ते वर्षानुवर्षं शिस्तीत नोंदी ठेवतात. मुंबईत ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर कुलाब्याच्या नोंदी बिघडतील म्हणून चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली, एवढी काळजी त्या नोंदींची. कलाशाखेत तर प्रश्नच निराळा. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (1893 सालचं आहे ते) जुनी मासिकं उलटत बसलेला माणूस काही कोणावर प्रयोग करत नसतो, तो एक मजकूर दुसऱ्याशी लावून बघतो, कोणी आधी लिहिलं, कोणी कोणाचं घेतलं. यातलं काहीच कमी शास्त्रीय नाही. कृतिसंशोधनाची शिस्त पण नोंदींचीच आहे, कुठल्या तारखेला काय दिसलं, त्यावरून काय बदललं, पुढे काय झालं. टी मूल्याने ती येत नाही.

ज्यांचं सबमिशन तोंडावर आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगते. तुमचं कृतिसंशोधन असेल तर वही फाईलला लावा, खराब अक्षरासकट, मुलांच्या चुका असलेल्या पानांचे फोटो लावा, उपाय कुठे आणि का बदलला ते उघड लिहा. गाईडला तक्ता हवाच असेल तर प्रत्येक मुलाचे आधीचे-नंतरचे गुण द्या, दहाच तर मुलं आहेत, सरासरीत कशाला लपवायची? आणि निष्कर्षात ‘सर्व शिक्षकांनी ही पद्धत वापरावी’ हे वाक्य टाकू नका. व्हायवाला कोणी विचारलं की हे इतर शाळांना लागू होईल का, तर सरळ सांगा, नाही, पण वाचून कोणाला स्वतःच्या वर्गात करून बघावंसं वाटेल.

एम.एड. किंवा पीएच.डी.साठी खरंच प्रयोग करणार असाल तर ‘अ’ तुकडी हुशार आणि ‘ब’ तुकडी कच्ची असं असताना ‘ब’ला उपक्रम देऊन ‘अ’शी तुलना हा प्रकार करू नका. मुलांच्या नाहीतर निदान तुकड्यांच्या चिठ्ठ्या टाका, शिकवणारी व्यक्ती दोन्हीकडे एकच ठेवा, उपक्रम लिहून काढा आणि मग त्याला हात लावू नका. ज्या गटाला उपक्रम मिळाला नाही त्याला उत्तरचाचणी झाल्यावर तोच उपक्रम द्यायचा, हे परवानगीच्या अर्जातच लिहा. शाळा बहुतेक वेळा ‘आमच्या त्या वर्गाचं काय’ इथेच अडून बसते, हे आधी लिहिलेलं असलं की हेडमास्तरांचं निम्मं म्हणणं तिथेच संपतं, आणि उरलेलं निम्मं वेळापत्रकाचं असतं, तेव्हा स्नेहसंमेलनाच्या महिन्यात चुकूनही जाऊ नका.