जुगाराचा कायदा आणि खेळणारा माणूस, थोडी पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी आली तेव्हा सगळी चर्चा पैसे लावून खेळायच्या ड्रीम इलेव्हन ॲपचं काय होणार आणि भारताच्या क्रिकेट टीमच्या जर्सीवर आता कोणाचं नाव येणार याचीच झाली, पण मला त्या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते, ती म्हणजे खेळणाऱ्याला त्यात शिक्षाच नाहीये. गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत, पैशांची देवघेव करून देणारेही सुटत नाहीत, आणि जो खेळून बुडाला त्याला गुन्हेगार न धरता नुकसान झालेला माणूस धरलंय. एवढं कळायला आपल्याला किती वर्षं लागली ते बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडचा मूळ कायदा १८८७ चा, इंग्रजांच्या काळातला मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. पेपरात "मटका घेताना एकाला अटक, कलम १२ अ नुसार गुन्हा" असं छापून येतं ना, तोच. त्याच्यात अड्डा चालवणारा गुन्हेगार आणि अड्ड्यावर खेळायला बसलेला पण गुन्हेगार. त्यातली जुगाराची यादी वाचली की तेव्हाची मुंबई दिसते, कापसाचा भाव, अफूचा भाव, त्या भावातले नुसते आकडे, पाऊस पडेल की नाही, पडला तर किती पडेल, या सगळ्यावर लोक पैसे लावायचे आणि ते सगळं नावानिशी कायद्यात आलंय. पण घोड्यांच्या रेसला त्यात सूट, रेसच्या दिवशी रेसकोर्सच्या ठरवून दिलेल्या आवारात पैसे लावले तर तो जुगार नाही. म्हणजे महालक्ष्मीला आत उभं राहून लावलेले पैसे चालतात आणि परळच्या टपरीवर लावलेले चालत नाहीत, हे मला आजही पटत नाही.

मटका पण त्या कापसाच्या आकड्यांतूनच आला. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कितीला उघडला आणि कितीला बंद झाला हे टेलिप्रिंटरवर मुंबईत यायचं आणि त्यावर सट्टा चालायचा, ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. १९६१ च्या सुमारास ते भाव यायचे बंद झाले, मग इथेच आकडे काढायला सुरुवात झाली, आधी मडक्यातून चिठ्ठ्या काढून, नंतर पत्ते काढून. १९६२ ला कल्याणजी भगतचा मटका आणि १९६४ ला रतन खत्रीचा. तीन आकडे काढायचे, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे ओपन, नंतर तसाच क्लोज, दोन्ही मिळून जोडी. आकडे दहा आणि लागला तर रुपयाला नऊ, म्हणजे हिशोब पहिल्या दिवसापासूनच खेळणाऱ्याच्या विरोधात. आणि खेळणारे कोण तर गिरणीत पाळी करणारे, हमाल, टॅक्सीवाले, चार-आठ आणे लावणारी माणसं. धाड पडली की सापडायचा चिठ्ठ्या लिहिणारा पोरगा, ज्याच्याकडे रात्री सगळा पैसा जमा व्हायचा तो क्वचितच.

सरकारने यावर काय केलं तर १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली, लोक मटक्याकडून इकडे वळतील आणि तिजोरीतही पैसा येईल म्हणून. मला वाटतं गोंधळ इथूनच सुरू झाला, कारण ज्याच्यापासून लोकांना वाचवायचं त्याच्यातूनच महसूल पण घ्यायचा. १९७६ ला तर महाराष्ट्राने कॅसिनोचा कायदा पण करून ठेवला, तो कधी लागूच केला नाही आणि शेवटी २०२३ ला रद्द केला. गोव्याने उलट केलं, १९९२ मध्ये फाईव्ह स्टार हॉटेलात जुगाराची मशिनं, १९९६ मध्ये बोटींवर जुगाराची टेबलं, आणि मग मांडवी नदीत बोटी उभ्या राहिल्यावर घरं बुडायला लागली तेव्हा फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत जायला बंदी. आपल्या माणसांना वाचवलं हे चांगलंच, पण पुण्या-कोल्हापूरहून जाणाऱ्याचं घर पण घरच असतं.

कोर्टात वाद चालला तो मात्र नशीब की कौशल्य यावर, कारण कौशल्याचा खेळ असेल तर तो जुगार धरत नाहीत. १९५७ च्या चमारबागवाला केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जुगार हा धंदा म्हणून घटनेचं संरक्षण मागू शकत नाही, पुढे १९६७ मध्ये रमीला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि याच निकालांच्या आधारावर पुढे मोबाईलवरची रमी उभी राहिली. पण १९६७ ची रमी क्लबात टेबलाभोवती बसून खेळायची होती, रात्री २ वाजता अंथरुणात एकट्याने, युपीआयने पैसे भरत, हरल्यावर लोन ॲपवरून परत कर्ज काढत खेळायची नव्हती. माणूस किती हरला, त्याला थांबता येतंय का, हा प्रश्न त्या निकालांत कुठे विचारलाच नव्हता. सुटत नाही असा जुगार हा आजार आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, आपल्याकडे अजून घरात "नाद लागला" म्हणून शिव्या देतात आणि उपचाराला कोणी नेत नाही.

२०२५ च्या कायद्याने नशीब-कौशल्याचा भेदच काढून टाकला, पैसे लावायचे असतील तर बंद. कंपन्या कोर्टात गेल्यात. १८८७ चा कायदा पण अजून चालूच आहे, त्यामुळे फोनवर लाखभर हरलेल्याला आज नुकसान झालेला माणूस म्हणतात आणि पत्त्यांच्या अड्ड्यावर दोनशे रुपये घेऊन बसलेल्याला पोलीस गाडीत घालून नेतात.