खंडशः फलन

खंडशः फलन : प्रांताचे (क्ष ला घेता येणाऱ्या मूल्यांच्या संचाचे) दोन किंवा अधिक भाग पाडून प्रत्येक भागावर वेगळ्या सूत्राने व्याख्या केलेले फलन. भाग परस्परांना छेदत नसावेत. छेदत असल्यास सामाईक बिंदूंवर सर्व सूत्रांचे मूल्य एकच आले पाहिजे, अन्यथा एका क्ष ला दोन मूल्ये मिळून फलनाची मूळ अटच मोडते. सूत्रे कितीही असली तरी फलन एकच असते. ही गोष्ट वाटते तितकी उघड नाही. अठराव्या शतकातील पहिल्या प्रतीच्या गणितज्ञांमध्ये तिच्यावरून अनेक वर्षे वाद चालला.

अचल, तादात्म्य, रेषीय, वर्ग, बहुपदी व परिमेय ही बीजगणितातील नेहमीची फलने एकाच सूत्राने दिली जातात. त्यांचेच तुकडे जोडून खंडशः फलने तयार होतात. केवलमूल्य फलन |क्ष| हे त्यांतील सर्वांत साधे : क्ष ≥ ० असता क्ष आणि क्ष < ० असता −क्ष. चिन्ह फलन ऋण संख्यांना −१, शून्याला ० आणि धन संख्यांना १ ही मूल्ये देते. महत्तम पूर्णांक फलन [क्ष] म्हणजे क्ष पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक. याचे खंड अनंत असतात. [२.३] = २, पण [−२.३] = −३. येथे −२ लिहिण्याची चूक वर्गात हमखास होते. चौकटी कंसाचे चिन्ह गाउस यांनी १८०८ मध्ये वापरले. संगणकशास्त्रात रूढ असलेली अर्ध्या कंसांची चिन्हे आयव्हर्सन यांची (१९६२).

इतिहास : ‘फलन’ या अर्थाचा लॅटिन शब्द लाइप्निट्स यांच्या १६७३ च्या सुमाराच्या लेखनात आढळतो, तेथे तो वक्राशी निगडित रेषाखंडांसाठी आहे. योहान बेर्नुली यांनी १७१८ मध्ये आणि ऑयलर यांनी १७४८ च्या ग्रंथात फलन म्हणजे चल व अचल राशींपासून बनवलेली राशी, अशी व्याख्या दिली. या ग्रंथाच्याच दुसऱ्या खंडात ऑयलर यांनी वक्रांचे दोन वर्ग केले. सर्वत्र एकाच समीकरणाने चालणारा तो ‘संतत’ आणि वेगवेगळ्या भागांत वेगळी समीकरणे असलेला तो ‘असंतत’ किंवा ‘मिश्र’. आजच्या सातत्याशी (आलेख न तुटण्याशी) या संज्ञांचा संबंध नाही. त्या मापाने |क्ष| असंतत ठरते, तर १/क्ष चा दोन अलग शाखांचा आलेख संतत.

वादाला निमित्त झाली कंप पावणारी तार. द’आलाँबेर यांनी १७४७ मध्ये तारेच्या गतीचे आंशिक अवकल समीकरण सोडवले. मात्र तारेचा आरंभीचा आकार एकाच वैश्लेषिक सूत्राने देता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ऑयलर यांचे म्हणणे असे, की निसर्ग ही अट पाळत नाही. ल लांबीची तार मध्यावर ह उंचीपर्यंत ओढून सोडली, तर आरंभीचा आकार पुढीलप्रमाणे असतो :

य = २हक्ष/ल, ० ≤ क्ष ≤ ल/२
य = २ह(ल − क्ष)/ल, ल/२ ≤ क्ष ≤ ल

मध्यबिंदूवर दोन्ही सूत्रांनी य = ह येते, म्हणून फलन निर्दोष आहे. तरीही तेथे कोपरा असल्याने तारेच्या समीकरणाला लागणारा दुसरा अवकलज (चढाच्या बदलाचा दर) अस्तित्वात नाही. द’आलाँबेर यांचा आक्षेप मुख्यतः येथेच होता व तो पोकळ नव्हता. त्याचे समाधानकारक उत्तर पुढे विसाव्या शतकात व्यापक (कोपऱ्यांवरही अर्थ असलेल्या) अवकलजांच्या सिद्धांताने दिले. डानिएल बेर्नुली यांनी १७५३ मध्ये प्रत्येक आकार ‘ज्या’ (साइन) फलनांच्या बेरजेने मांडता येतो असा दावा केला, पण तो त्या वेळी दोघांनाही पटला नाही. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने १७८७ मध्ये याच प्रश्नावर बक्षीस लावले. ते आर्बोगास्ट यांच्या निबंधाला मिळाले (प्रकाशन १७९१). नियम बदलतो पण टोके जुळतात असे वक्र आणि टोकेही न जुळणारे वक्र, हा भेद त्यांनी स्पष्ट केला.

ऑयलर यांचे वर्गीकरण फूर्ये यांच्या श्रेणींनी (१८०७, ग्रंथ १८२२) खिळखिळे केले, कारण तुकड्यांचे फलन आता एकाच अनंत बेरजेत बसू लागले. उघड खंडन कोशी यांनी १८४४ मध्ये केले. क्ष आणि −क्ष या दोन सूत्रांचे फलन √(क्ष²) या एका सूत्राने लिहिता येते. मग ते संतत म्हणावे की असंतत? तात्पर्य, ‘खंडशः’ हा गुण फलनाचा नसून त्याच्या वर्णनाचा आहे. याच युक्तीने दोन संख्यांपैकी मोठी निवडण्याचे कामही एका सूत्रात होते : (अ + ब + |अ − ब|)/२.

प्रत्येक क्ष ला कोणत्याही नियमाने एक य जोडणाऱ्या आधुनिक व्याख्येचे श्रेय कोणाला, याविषयी एकमत नाही. हे श्रेय डिरिक्ले यांना देण्याचा प्रघात हांकेल यांच्यापासून (१८७०) आहे. य चे क्ष वरील अवलंबन संपूर्ण अंतरालात एकाच नियमाने असण्याची गरज नाही, असे डिरिक्ले यांनी १८३७ मध्ये म्हटले खरे; पण ते विधान संतत फलनांपुरते होते. राशींच्या परस्परावलंबनावर आधारलेली व्याख्या ऑयलर यांच्याच १७५५ च्या ग्रंथात असून लोबाचेव्हस्की यांचे विवेचन १८३४ चे आहे. हे पाहता श्रेय एकाला देण्यापेक्षा वाटून देणे अधिक सयुक्तिक दिसते. परिमेय संख्यांवर एक आणि अपरिमेय संख्यांवर दुसरे मूल्य घेणारे, कोठेही संतत नसलेले फलन मात्र निःसंशय डिरिक्ले यांचे (१८२९).

जोडबिंदूंची तपासणी : खंडांच्या सांध्यावर डावीकडील सीमा (डावीकडून सांध्याजवळ येताना मूल्य जिच्याकडे जाते ती संख्या), उजवीकडील सीमा आणि प्रत्यक्ष मूल्य ही तिन्ही समान असल्यास फलन तेथे संतत असते. प्राप्तिकराचे टप्पे हे याचे चांगले उदाहरण. वरच्या टप्प्यात गेल्यावर सगळ्याच उत्पन्नाला वरचा दर लागतो, हा समज चुकीचा आहे. दर फक्त वरच्या भागाला लागतो, त्यामुळे आलेखाचा चढ बदलतो पण आलेख तुटत नाही. तो तुटू शकतो सवलतीमुळे. वित्तीय वर्ष २०२५–२६ च्या नव्या प्रणालीत १२ लाख रु. करपात्र उत्पन्नावर टप्प्यांप्रमाणे ६०,००० रु. कर होतो आणि निवासी व्यक्तीला कलम ८७अ खाली तो पूर्ण माफ होतो. एवढेच असते तर एक रुपया अधिक मिळवणाऱ्याला साठ हजार भरावे लागले असते. म्हणून मार्जिनल रिलीफ : १२ लाखांवरील कर त्या वरच्या रकमेपेक्षा जास्त घेतला जात नाही. उपकर व विशेष दराचे उत्पन्न वगळता १२ लाखांपर्यंत कर ०. तेथून सुमारे १२,७०,५८८ रु. पर्यंत क्ष − १२,००,०००. त्यापुढे १६ लाखांपर्यंत ६०,००० + ०.१५(क्ष − १२,००,०००). दोन्ही सांधे जुळतात. मधल्या खंडाचा चढ १ आहे, म्हणजे तेथे वाढीव उत्पन्न पूर्णपणे करात जाते.

अंतर्वेशन (दिलेल्या मूल्यांमधली मूल्ये काढणे) : आर्यभटांच्या (इ. स. ४९९ च्या सुमारास) ज्या-सारणीत २२५ कलांच्या (३.७५ अंशांच्या) अंतराने २४ मूल्ये येतात. मधली मूल्ये त्रैराशिकाने काढली की खंडशः रेषीय आलेख मिळतो, ब्रह्मगुप्तांचा खंडखाद्यकातील (इ. स. ६६५) नियम वापरल्यास खंड द्विघाती होतात. मात्र यावरून खंडशः फलनाची कल्पना तेव्हा होती असे म्हणणे ताणलेले ठरेल; ती सारणी वापरण्याची रीत होती. सांध्यांवर दुसरा अवकलजही संतत राहील असे त्रिघाती खंड जोडणाऱ्या स्प्लाइन फलनांचा पद्धतशीर अभ्यास शोएनबर्ग यांच्या १९४६ च्या लेखांपासून सुरू झाला. संगणकावरील अक्षरांच्या कडाही द्विघाती किंवा त्रिघाती खंडांच्याच असतात.